भट्टीच्या माथाशिळेत तारांची फौज शिरली त्याचे वर्तमान

मागील साली कारखान्याच्या सूचनाफलकावर "दाराच्या ठोकळ्याचा प्रयोग यशस्वी, सर्वांनी नोंद घ्यावी" असा दोन ओळींचा कागद लागला, आणि सर्वांनी घ्यावी म्हटल्यामुळे ती कोणीच घेतली नाही, आणि चार रोजांनी त्याच टाचणीने त्याच कागदावर पाण्याची टाकी धुण्याची सूचना लागली. एवढा रणसंग्राम जाहला, शिकस्तीवर शिकस्ती खाल्ल्या, अस्सल इमानदारीने अस्सल घात केला, आणि त्याचे स्मारक दोन ओळी, त्याही टाकीखाली गाडलेल्या, हे आम्हां हजेरीनविसास सोसवेना. सबब जसे घडले तसे, पदरचे तिखटमीठ न लावता, लावलेच तर चवीपुरते, हे वर्तमान लिहून ठेविले आहे. वाचणाराने गंभीर चित्ते वाचावे. हसू आल्यास खोकल्याचे निमित्त करावे.

प्रथम मुलुखाचे वर्णन. हा कारखाना भट्टीच्या विटा करणारांचा. देशोदेशीच्या भट्ट्या आतून आमच्या विटांनी मढलेल्या, आणि हजार-दीड हजार अंशांची आग पोटाशी घेऊन त्या विटा हूं की चूं करीत नाहीत, असा आमचा लौकिक. आणि ज्या भट्टीत ह्या विटा भाजतात त्या आमच्या खुद्द भट्टीचे दार मात्र दर दोन महिन्यांनी ढासळावे, असा दिव्याखालचा अंधार. दाराच्या माथ्यावर आडवी, चार हात लांब अशी एक शिळा असे. तीही विटेच्याच मसाल्याची, साच्यात ओतलेली. कामगार तिला ठोकळा म्हणत, कागदोपत्री ती माथाशिळा. जातीची कडक, मानी, कोणापुढे न वाकणारी, आणि न वाकणाराचे जे होते तेच तिचे होई. दार उघडले की पोटाकडून आग आणि पाठीकडून गार वारा असा दुहेरी मार बसे, आणि एके दिवशी केसाएवढा तडा जाई, आणि वाटेत त्यास अडवणारा कोणीच नसल्यामुळे तो तडा बढतीच्या अफवेसारखा ह्या टोकाचा त्या टोकास पोचे, आणि मग शिळेचे दोन तुकडे होऊन भट्टीच्या आत, विटांच्या गाडीच्या रुळांवर पडत.

शिळा रुळांवर पडली म्हणजे गाडी अडली, आणि गाडी अडली म्हणजे कारखाना अडला. भट्टी पुरती निवावयास तीन रोज लागतात. थोरल्या साहेबांचे फर्मान आठ तासांचे. सबब आठ तासांनी, आतली जमीन अद्याप बुटांचे तळ मऊ करीत असता, कोणी एकाने ओली पोती पांघरून, हाती लांब आकडा घेऊन आत शिरावे आणि तुकडे ओढून काढावे लागत. हा कोणी एक म्हणजे ज्वालाबहाद्दर, अग्निमुखरक्षक, खासे फोरमन. बावीस वर्षांत त्यांनी आपल्याऐवजी दुसऱ्या कोणास आत धाडिले नाही. मागल्या खेपेस ते आत असता माथ्यावर लटकून राहिलेला एक तुकडा सुटला आणि डाव्या खांद्यास चाटून गेला. हात वाचला, खांद्यावरची तळहाताएवढी कातडी गेली, आणि त्यांच्या मातोश्री रोज संध्याकाळी त्या जागी मलम लावू लागल्या, आणि लावताना काही बोलेनात. मातोश्रींचे हे न बोलणे हेच ह्या मोहिमेचे मूळ होय.

कारण ह्या मातोश्रींची थोरली सून म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या बाई, तापमापकधारिणी, चूर्णपरीक्षादक्ष. घरी त्या फोरमनास भाऊजी म्हणत, कारखान्यात फोरमनसाहेब म्हणत, आणि फोरमन त्यांस कारखान्यात मॅडम म्हणत, पण जेवताना दाताखाली खडा आल्यावर माणूस ज्या चेहऱ्याने थांबतो त्या चेहऱ्याने म्हणत. घरचा कायदा मातोश्रींचा. जेवताना कारखान्याचे नाव काढावयाचे नाही. यजमान हयात असताना त्यांनीच तो लागू केला होता आणि तीस वर्षे मोडू दिला नव्हता. सबब एकाच पंगतीस बसणारे हे दोन सरदार एकमेकांच्या मुलुखात काय चालले आहे ते कधी बोलत नसत.

बाईंनी खांद्याची जखम एकदा पाहिली, आणि दुसरे दिवशी मसलत मांडली. मसलत अशी की, शिळा मारामुळे फुटत नाही, तडा अडवणारा कोणी नसतो म्हणून फुटते. तर तिच्या पोटात न गंजणाऱ्या, आगीस न भिणाऱ्या पोलादी तारेचे बारीक तुकडे, सुईएवढे लांब, हजारोंनी पेरावे. मग तडा निघाला की वाटेत तार आडवी येईल, आणि ती दोन्ही काठ धरून ठेवील, आणि तडा पुढे सरकू पाहील तर दुसरी तार आडवी येईल, आणि अशा चौक्यापहाऱ्यांनी हैराण होऊन तडा जेथल्या तेथे बसेल.

ही मसलत ऐकून फोरमन चहाच्या वेळी सर्वांदेखत म्हणाले, "विटेत लोखंडाचा कण सापडला तर आपण माल फेकतो. आणि मॅडम आता मूठमूठ तारा घालणार. उद्या सशाला शिंगं लावा म्हणावं, तोही शूर होईल." हे बोलणे बाईंच्या कानी अर्ध्या तासात गेले, कारण कारखान्यात टेलिफोनपेक्षा चहा वेगाने पोचतो.

मग थोरले साहेब, कारखानेदौला, सहीबहाद्दर, यांचे हुजुरात बाई रुजू जाहल्या, आणि साहेबांनी दोन्ही बाजूंचे ऐकून, किंबहुना ऐकण्याचा चेहरा करून, फर्मान काढिले की, चार शिळा ओतून पाहाव्या. हरएक शिळा लाल होईतो तापवून पाण्यात बुडवावी, असे दहा वेळा करावे, आणि वर घणाचे तीन घाव घालावे. निकाल नमुना-फॉर्मात भरावा. चौथीही नापास जाहल्यास जुनीच शिळा कायम, आणि हा विषय पुन्हा कोणी काढू नये. फॉर्म साहेबांनी जातीने आखला. त्यात रकाने दोन. एक, तडा आहे. दोन, तडा नाही. आणि ह्याखेरीज साहेबांचे पूर्वीचे एक फर्मान होतेच की, फुटका माल आवारात दिसता कामा नये, तासाभरात चक्कीत घालून त्याचे पीठ करावे. पाहुणे येतात, बरे दिसत नाही.

आता वाचणाराने येथे थोडे थांबावे, कारण ह्या वर्तमानातील सर्वांत इमानदार पुरुषाचा प्रवेश होत आहे. मसाल्याचे पोते मिक्सरात पडण्यापूर्वी एका लोखंडी पन्हळीतून घसरत जाते आणि त्या पन्हळीवर एक मोठा चुंबक टांगलेला आहे. लोखंडाचा कण विटेत गेला तर भाजताना त्या जागी काळा डाग पडून खड्डा होतो, सबब कण अन् कण वरचेवर उचलून घ्यावा, हे त्या चुंबकाचे काम. त्याचे अधिपती चुंबककाका, लोहनिवारक, अठ्ठावीस वर्षे त्याच पन्हळीशी उभे. त्यांच्या हातून एक खिळा आत गेल्याचे कोणी सांगावे, आणि सांगणाराने मग त्यांच्यासमोर उभे राहून दाखवावे. पन्हळीवर त्यांनी स्वहस्ते पाटी रंगविली होती की, येथे लोखंडास मज्जाव आहे.

बाईंनी मसाल्यात तारा कालवून पोती धाडिली. धाडताना साहेबांस पत्र दिले, भांडारास पत्र दिले, भट्टीस पत्र दिले. पन्हळीशी उभ्या असलेल्या माणसास मात्र कोणी चकार शब्द सांगितला नाही, कारण त्याच्या नावाची टपालाची पेटीच नव्हती.

मग पहिले पोते पन्हळीत पडले, आणि चुंबकास तारांची दाढी फुटली. काकांनी पाहिले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकास गेली. ताईंच्या, म्हणजे बाईंच्या, पोत्यात लोखंड! कोणी दुष्मनाने टाकिले असणार, आणि तो दुष्मन कोण हे चहाच्या वेळचे बोलणे ज्याने ऐकिले त्यास सांगावयास नको. परंतु बोलावे तर घरातला कलह चव्हाट्यावर येणार, दीर-भावजयीची शोभा होणार. सबब काकांनी तोंडास कुलूप घातले, आणि ते पोते चुंबकाखालून एकवार नव्हे, तीनवार फिरविले, आणि शेवटली तार चिमटीने वेचून काढिली, आणि शुद्ध, निष्कलंक, पूर्वीइतकाच ठिसूळ मसाला मिक्सरात सोडून समाधानाने कपाळ पुसले.

पहिली शिळा चौथ्या बुडीस दुभंगली. बाईंनी तारा दुप्पट केल्या. काकांनी फेरे दुप्पट केले. दुसरी शिळा चौथ्याच बुडीस दुभंगली. बाईंनी तारा तिप्पट केल्या, आणि काकांनी दुपारचे जेवण सोडून पोत्यावर पहारा केला, आणि तिसरी शिळा तिसऱ्याच बुडीस गेली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात, येथे दळणारीही डोळस आणि खाणारेही इमानी, तरी पीठ नाहीसे. तुकडे हरवेळी तासाभरात चक्कीत गेले, आणि बाईंस पाहावयास फक्त फॉर्म मिळाला, त्यात तिन्ही वेळा "तडा आहे." फोरमन भट्टीच्या दारातून म्हणाले, "मॅडम, तारेचा कारखाना काढा, तो तरी चालेल." आणि दारावरच्या जुन्या शिळेस त्याच आठवड्यात नवा तडा दिसू लागला होता, तो रोज बोटभर लांबत होता, आणि तो टोकास पोचला म्हणजे आत कोण जाणार हे सर्वांस ठाऊक होते.

त्या संध्याकाळी सर्वजण जेवावयास बसले. फोरमन उजव्या हाताने जेवत होते, डावा हात मांडीवर ठेवून, कारण वर उचलला की ओढ बसे. मातोश्रींनी मुलाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि तीस वर्षांचा आपला कायदा आपणच मोडला.

"त्या फुटलेल्या ठोकळ्यात तुझ्या तारा दिसतात का गं?"

बाई म्हणाल्या, "मला कुठं बघायला मिळतात आई? मी खाली जाईपर्यंत पीठ झालेलं असतं."

मातोश्रींनी मान वळविली. "तू बघतोस ना रे?"

"बघतो की. समोरच फुटतात."

"मग? तारा दिसतात?"

"तारा कसल्या," फोरमन वाढून घेत म्हणाले. "आतून साफ. माझ्या टकलासारखा."

बाईंचा हात ताटातच थांबला. "भाऊजी, एकही तार नव्हती? तिन्ही वेळा?"

"एकही नाही. वितळल्या असतील. मी आधीच म्हटलं होतं."

"वितळल्या तरी जागा राहील ना. भोकं राहतील. भोकं होती?"

फोरमन विचारात पडले आणि म्हणाले की, भोकेही नव्हती. मग सांगितले का नाही, असे मातोश्रींनी विचारले. तेव्हा ज्वालाबहाद्दरांनी बावीस वर्षांत प्रथमच खाली मान घालून उत्तर केले, "कोणी विचारलंच नाही."

दुसरे दिवशी बाई स्वतः पोत्यामागे निघाल्या, प्रयोगशाळेतून भांडार, भांडारातून गाडा, गाड्यावरून पन्हळ, अशा मजल दरमजल करीत चुंबकाशी पोचल्या, आणि पाहतात तो काका तारा वेचताहेत. काकांनी त्यांस पाहताच खूण करून बाजूस घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, काही बोलू नका. मला सगळं माहीत आहे. तुमच्या पोत्यात कोणीतरी लोखंड टाकतंय. पण काळजी करू नका. मी एक काडी आत जाऊ दिलेली नाही." आणि त्यांनी कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उघडून दाखविला. तिन्ही शिळांच्या साऱ्या तारा आत होत्या, पुसून, तेल लावून ठेविलेल्या.

बाई तेथेच पोत्यावर बसल्या. त्यांस हसू येत होते की रडू, ते आम्ही जवळ असूनही समजले नाही. मग त्यांनी सर्व सांगितले, आणि जसजसे सांगितले तसतसा काकांचा चेहरा उतरत गेला, आणि शेवटी ते म्हणाले, "म्हणजे ते ठोकळे मी फोडले."

"तुम्ही तुमचं काम केलंत काका. मी तीन ठिकाणी पत्रं लिहिली आणि तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे."

"साहेबांना कळलं तर?"

साहेबांस कळविले असते तर तीन शिळा माफ होऊन नव्याने चार मिळाल्या असत्या, हे बाईंस ठाऊक होते. आणि काकांची अठ्ठावीस वर्षे चौकशीच्या टेबलावर ठेविली गेली असती, हेही ठाऊक होते. बाईंनी अहवालात "तारा इच्छित स्थळी पोचल्या नाहीत" एवढेच लिहिले, त्यात खोटे अक्षर नाही, आणि उरलेल्या एका शिळेवर सर्व पैज लाविली. असा विचार मोठमोठ्या सेनापतींस सुचत नाही, कारण त्यांस पन्हळीवरच्या माणसाचे नावच माहीत नसते.

आता तारा चुंबकाच्या पलीकडे, थेट मिक्सरात टाकावयाच्या, हे ठरले. परंतु टाकणार कोण? काकांनी अठ्ठावीस वर्षे लोखंड काढिले, तेच हात लोखंड घालण्यास धजेनात. ते म्हणाले, लेखी द्या. बाईंनी लेखी दिले की "लोखंड घालावे", आणि काकांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेविला आणि मग पहिली मूठ सोडिली. तारा एकमेकींत गुंतून मिक्सरात साळिंदराएवढा गोळा फिरू लागला. बाई घाबऱ्या जाहल्या, कारण गोळ्यात तार आहे आणि बाकी शिळा उघडी, असे जाहले तर चौथीही गेलीच. परंतु लोखंडाचा स्वभाव काकांइतका कोणास ठाऊक? त्यांनी मिक्सर थांबवून गोळा उपसला, तारा सोडविल्या, मोठ्या भोकांची चाळणी आणविली, आणि चालत्या मिक्सरावर ती मनगटाने अशी हालविली की तारा एकेक करून, हलक्या हाताने मीठ भुरभुरावे तशा पडू लागल्या. हे दीड तास चालले. बोटांस तारा टोचून रक्त आले, ते त्यांनी पाटलोणीस पुसले आणि चाळणी खाली ठेविली नाही. प्रयोगशाळेच्या कोणत्याही पुस्तकात ती चाळणी लिहिलेली नाही.

शिळा ओतली, सुकली, भाजली, आणि परीक्षेचा रोज उगवला. भट्टीशेजारी पाण्याचा हौद, हौदाशी फोरमन, फॉर्म घेऊन थोरले साहेब, बाई भिंतीशी उभ्या, आणि काका खांबामागे, कारण समोर येण्याची त्यांस छाती होईना. शिळा लाल होऊन बाहेर आली आणि पाण्यात गेली, तो आवाज असा जाहला की साहेब दोन पावले मागे सरले आणि मग पाहणीच्या निमित्ताने सरलो असे दाखविते जाहले. एक बुडी, दोन, तीन. चौथ्या बुडीस केसाएवढा तडा दिसला आणि बाईंनी डोळे मिटले. तडा बोटभर पळाला आणि थांबला. फोरमन खाली वाकून पाहू लागले. पाचव्या बुडीस दुसरा तडा निघाला, तोही थांबला. सातव्यास तिसरा, चौथा. दहाव्या बुडीअखेर शिळेवर सात तडे, आणि शिळा अखंड. मग फोरमनांनी घण मागितला. दुसऱ्याने मारावा असे साहेब म्हणाले असता ऐकिले नाही, आणि एका उजव्या हाताने तीन घाव घातले, आणि वहिनीची म्हणून एका घावातही कसूर केली नाही. कोपऱ्याचा टवका उडाला, आतून तारा चमकल्या, आणि शिळा जागची हलली नाही.

साहेबांनी चष्मा लाविला, फॉर्म पाहिला, शिळा पाहिली, आणि पेन उघडून म्हणाले, "तडा आहे. नापास."

बाई म्हणाल्या, "साहेब, तडा जाणारच. तो थांबला, हाच तर प्रयोग आहे."

"मॅडम, फॉर्ममध्ये थांबला असं काही नाही. आहे किंवा नाही. एक नाही, सात आहेत." आणि पेनाचे टोक कागदास टेकले.

तेव्हा फोरमनांनी घण जमिनीवर ठेविला. आवाज चढविला नाही.

"साहेब, तडा तुम्हाला दिसतो. मला तो दिसत नाही, मी आत असतो. मला फक्त एवढंच कळतं, डोक्यावरचा ठोकळा पडला की नाही पडला. हा पडला नाही. जो फुटत नाही असा ठोकळा बावीस वर्षांत मी पाहिला नाही. फुटून वर राहिलेला आज पहिल्यांदा पाहिला." आणि पुढे म्हणाले, "मी ह्यांना हसलो होतो. ते माझं चुकलं. तुम्ही नापास लिहिणार असाल तर लिहा, पण पुढच्या वेळी आत तो फॉर्म पाठवा."

साहेबांनी खाकरून म्हटले की, पण तिसरा रकानाच नाही. त्यावर खांबामागून काका बोलले, "मग आखा की साहेब. पट्टी देऊ?"

मग साहेबांनी पट्टी न घेता, हातानेच, किंचित वाकडा असा तिसरा रकाना आखला, आणि त्यावर "पडला / पडला नाही" असे लिहिले, आणि "पडला नाही" ह्यावर खूण करून दस्तुरखुद्द सही केली, आणि जाताना फर्मान काढिले की, ही कल्पना मुळात आमचीच होती. ते कोणी मनावर घेतले नाही. फोरमन बाईंकडे वळले आणि म्हणाले, "चला वहिनी, जुना काढून हा चढवायला आजच घेऊ." मॅडम म्हणावयाचे ते विसरले, आणि आम्ही जवळच होतो, मुद्दाम विसरले.

येणेप्रमाणे माथाशिळेची मोहीम फत्ते जाहली. अशा लिखाणाच्या अखेरीस पडलेल्या आणि जायबंदी जाहलेल्या वीरांची नावनिशी द्यावी असा रिवाज आहे. सबब निवत्या भट्टीत उतरणारांचे हजेरीबुक काढून पाहिले. मागील बावीस वर्षे त्याच्या पानोपानी एकच नाव आहे. नवी शिळा चढली त्यास आज चौदा महिने जाहले, आणि ह्या चौदा महिन्यांत तेही नाव नाही. नावनिशीची जागा खाली कोरी सोडिली आहे. ती कोणी भरू नये.